म्हाताऱ्यांच्या कॉलनीत भाड्यानं

घर बघून परत येताना मी रिक्षात चक्क गाणं म्हणत होते. नवरा कोपरानं ढोसत होता, अगं हळू, रिक्षावाला आरशातनं बघतोय. बघू दे की! लग्न झाल्यापासून मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांत आम्ही आठ माणसं राहत होतो. आंघोळीला नंबर, आरशाला नंबर, नवऱ्याशी भांडायचं झालं तर गच्चीवर जायचं, आणि तिथंही शेजारीण पापड वाळत घालायचं सोडून कान टवकारून बसलेली. आणि आता आख्खं घर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा, मागं कढीपत्त्याचं झाड, आणि फक्त आमची दोघांची बाथरूम. गाणं न म्हणून कसं चालेल?

जाताना त्याच रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "म्हाताऱ्यांच्या कॉलनीत व्हय? कोण हाय तिथं तुमचं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच राहायला जाणार आहे. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि मुकाट रिक्षा चालू केली.

नाव तसंच पडलं होतं कॉलनीला. एका ऑफिसातून निवृत्त झालेल्या मंडळींनी कोल्हापूरच्या कडेला मिळून जागा घेतली आणि म्हातारपण सुखात जावं म्हणून बैठी, एकसारखी घरं बांधली. दोन रांगा, समोरासमोर, मधून गल्ली. नंतर त्यांच्यातले काही वारले, काहींना मुलांनी पुण्या-बंगळूरला नेलं, आणि घरं एकेक करून भाड्यानं गेली. आम्ही गेलो तेव्हा मूळची म्हातारी माणसं अगदी हाताच्या बोटांवर उरली होती. बाकी सगळे आमच्यासारखे भाडेकरू. पण बाहेरच्या जगाला ती अजून म्हाताऱ्यांचीच कॉलनी होती.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिथं जाऊन काय भजन म्हणणार हाईस?" त्या घर बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. उंबराच नव्हता. म्हाताऱ्या माणसांचा पाय अडखळू नये म्हणून कुठल्याच घराला उंबरा ठेवला नव्हता. उंबरा नाही ते घर कसलं, हळद-कुंकू कुठं वाहायचं, असं पुटपुटत त्यांनी शेवटी फरशीच्या फटीलाच कुंकू लावलं आणि नारळ फोडला.

मला मात्र त्या घरातली एकेक गंमत सापडत होती. दारं इतकी रुंद की आमचं कपाट आडवं आत आलं. ओट्याला पायऱ्यांच्या जागी उतार. बाथरूममध्ये, पलंगाशेजारी, सगळीकडं धरायला स्टीलचे दांडे. मी शाळेत पी.टी. शिकवते, त्यामुळं दांडा दिसला की हात शिवशिवतात. पहिल्याच दिवशी त्यांना धरून मी घामाघूम होईपर्यंत व्यायाम केला. पलंगाशी आणि बाथरूममध्ये एकेक लाल बटण होतं. पूर्वी ते दाबलं की गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत घंटी वाजायची. आता वॉचमन नव्हता, खोली नव्हती आणि बटणं कधीच मेलेली होती. नवऱ्यानं तरी दाबून बघितलं आणि दाराकडं बघत बसला, कोण येतंय म्हणून.

घराची मालकीण बंगळूरला असायची. घर तिच्या वडिलांचं. तिनं फोनवर एकच अट घातली, दांडे काढायचे नाहीत. काढत कोण होतं! पण एक गोष्ट मी घालायची ठरवली. बाथरूमच्या दाराला आतून कडीच नव्हती. म्हातारं माणूस आत पडलं तर बाहेरून दार उघडता यावं, म्हणून मुद्दाम ठेवली नव्हती. आता मी इतकी वर्षं दारावर धपाधप थापा ऐकत आंघोळी केलेली बाई. हक्काची बाथरूम मिळाली आणि तिला कडी नाही? मी नवऱ्याला म्हटलं, जेवण मागाहून, आधी कडी. नवरा कारखान्यात फिटर आहे. त्याला कुठलीच गोष्ट नाजूक करता येत नाही. अंगठ्याएवढी जाड कडी त्यानं ठोकली आणि म्हणाला, आता हत्ती आला तरी आत यायचा नाही. मी त्या दिवशी तासभर आंघोळ केली.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या घरातून आक्का आल्या. उंच, काटक, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, सुती पातळ आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलं होतं. दारोदार फिरून बाळंतिणी बघायच्या, पोरांना डोस पाजायचे. तेव्हापासून कुणाच्याही घरात शिरताना त्यांना विचारायची सवय नव्हती. त्या थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्या, गॅसची नळी बघितली, आणि कॉलनीची रीत सांगितली.

रीत अशी होती. दिवेलागणीला प्रत्येकानं आपल्या ओट्यावरचा दिवा लावायचा, रात्रभर ठेवायचा, आणि सकाळी उठलं की आपल्या हातानं बंद करायचा. उजाडून ऊन आलं तरी समोरचा दिवा जळतोय असं दिसलं, की समोरच्यानं जाऊन दार वाजवायचं. उघडलं नाही तर किल्लीनं उघडून आत जायचं. त्यासाठी प्रत्येक घराची दुसरी किल्ली समोरच्या घरी ठेवलेली असायची.

आक्कांनी कनवटीची स्वतःची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि आमची मागितली. नवऱ्यानं आढेवेढे न घेता लगेच काढून दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अहो, सहा माणसांच्या नजरेतून सुटून इथं आले, आणि पहिल्याच दिवशी सातव्या माणसाच्या हातात घराची किल्ली?

पहिला रविवार आला. आम्ही दोघं मस्त ताणून दिलेली. दारावर ठोकल्याचं ऐकू आलं, पण मी कूस बदलली. मग कुलपात किल्ली फिरली आणि पांढरे बूट आत आले. नवऱ्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. आक्कांनी आम्हाला दोघांना नीट बघितलं, जिवंत आहेत म्हणून खात्री केली, ओट्यावर जाऊन दिवा बंद केला आणि निघून गेल्या.

मी तशीच, केस पिंजारलेले, गल्ली ओलांडून भांडायला गेले. माझा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो, तो मी पूर्ण लावणार होते. पण मी तोंड उघडायच्या आधीच आक्कांनी पुढ्यात चहा आणि तव्यावरची गरम भाकरी ठेवली, वर खर्डा. आणि सांगायला लागल्या की तुमच्या घरात आधी राहायचे ते साहेब, म्हणजे तुमच्या मालकिणीचे वडील, एकदा सकाळी त्यांचा दिवा असाच जळत होता. मी गेले तर माणूस पलंगाखाली. आदल्या संध्याकाळपासून पडलेला, लाल बटणापर्यंत हात पोचत नव्हता. वेळेत नेलं म्हणून वाचले, आणि पुढं दोन दिवाळ्या माझ्या हातचे अनारसे खाल्ले. मग लेकीनं बंगळूरला नेलं. तिथून फोन करायचे, आक्का, इथं बिल्डिंगीत दिवे लई हाईत, पण बघत कुणीच न्हाय.

खर्ड्यानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, त्यामुळं खरं कशानं आलं ते आक्कांना कळायचं कारण नव्हतं. मी विचारलं, साहेब गेल्यापासून तुमचा दिवा कोण बघतं? त्या म्हणाल्या, कोण न्हाय, आता तू. आणि भाकरी उलटत, तव्याकडंच बघत पुढचं सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला होता आणि तो त्यांना कायमचं न्यायचं म्हणत होता. मध्ये एकदा आक्कांचा फोन दिवसभर लागला नाही, चार्जर बिघडला होता एवढंच. पण कॉलनीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर मुलाजवळ नव्हता. बिचारा तसाच गाडी काढून पुण्याहून आला होता. तेव्हापासून तो हट्टाला पेटला होता. मे महिन्यात येतो म्हणाला, आई, बॅग भरून ठेव. आक्कांना जायचं नव्हतं. इथं त्यांचं घर होतं, अंगण होतं, त्या हाक मारतील तेवढी गल्ली त्यांची होती. तिकडं लिफ्टनं वर गेलं की दार बंद. म्हणून त्यांनी मुलाला ठोकून दिलं होतं की इथं आख्खी रांग पहिल्यासारखी दिवा पाळते, एकमेकांकडं बघते, काळजी नसावी.

"पण आक्का, हे खोटं हाय की," मी म्हटलं. "भाडेकरूंतलं कुणीसुद्धा पाळत न्हाय."

"मग खरं करायचं की," आक्का म्हणाल्या.

झालं! मला कुणी असं आव्हान दिलं की मला राहवतच नाही. त्याच संध्याकाळी मी शाळेची शिट्टी गळ्यात अडकवून गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि फुंकली. सगळी दारं उघडली. पेठ वडगावला कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको, घरगुती डबे करून देणाऱ्या निपाणीकडच्या एक बाई, रात्रभर कॉम्प्युटरवर परदेशातलं काम करणारी दोन पोरं, आणि आक्कांच्या बरोबरीचं, कानानं जरा कमी ऐकणारं एक जुनं जोडपं. मी आक्कांच्या मुलाचं सांगितलं, दिव्याची रीत सांगितली आणि समोरासमोर किल्ल्या बदलायला लावल्या. मला इतका हुरूप आला होता की विचारू नका. शाळेतली कवायत बसवावी तसं मी ते बसवायला घेतलं.

आणि कवायत पहिल्या दिवसापासून फसली. वडगावकर विजेचं बिल येतं म्हणून दिवा लावेचनात, मग बंद काय करणार? म्हाताऱ्या जोडप्यातले आजोबा दिवा बंद करायचे आणि आजी विसरून परत लावायच्या. कॉम्प्युटरवाली पोरं पहाटे काम संपवून झोपायची, दिवा दुपारपर्यंत जळतच. त्यांच्या समोर राहणाऱ्या डबेवाल्या बाई इमानदारीत किल्ली घेऊन आत गेल्या, तर दोघं फरशीवर अशी पसरलेली की बाईंनी किंकाळी फोडली आणि आख्खी गल्ली गोळा झाली. रोज सकाळी मी ओट्यावर उभी राहून एकेकाच्या नावानं शंख करायचे. लोकांना माझ्या ओरडण्याची इतकी सवय झाली की वडगावकर म्हणायचे, भोंगा झाला, उठा आता.

माझी चिडचिड बघून नवऱ्याला माया आली असावी. एका रविवारी तो शिडी घेऊन निघाला आणि दिवसभर गल्लीत काहीतरी खटपट करत राहिला. विचारलं तर म्हणे, संध्याकाळी बघ. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. अंधारून आलं, आणि कुणी हात न लावता दोन्ही रांगांतले सगळे दिवे एकदम लागले. त्यानं प्रत्येक दिव्याला सेन्सर बसवला होता. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप बंद होणार. कुणी विसरायला नको, कुणी ओरडायला नको. टाळ्याच टाळ्या! डबेवाल्या बाईंनी जाऊन पातेलंभर शिरा करून आणला. माझी छाती अशी फुगली होती की नवऱ्याला सगळ्यांदेखत मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. आता येऊ दे त्या मुलाला, म्हटलं, डोळे दिपतील त्याचे.

आक्का शिऱ्याची वाटी हातात धरून आपल्या दिव्याकडं बघत होत्या. त्यांनी एक घासही खाल्ला नव्हता. मग नवऱ्याला जवळ बोलावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लेकरा, मी मेल्यावर बी ह्यो दिवा येळेवर बंद हुईल की रं."

आम्ही एवढी शिकली-सवरलेली, धडधाकट माणसं, दिवसभर शिडीला हातभार लावत होतो, आणि आमच्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नवऱ्यानं शिरा तसाच ठेवला, शिडी उचलली आणि आक्कांचा सेन्सर पहिल्यांदा काढला. बाकीचेही त्याच संध्याकाळी निघाले. वडगावकरांनी शिडी धरली होती.

त्यानंतर मला शिट्टी फुंकावी लागली नाही. कसं झालं कुणास ठाऊक, पण झालं. वडगावकर दिवेलागणीला दिवा लावून दुकानाचा हिशेब ओट्यावरच करायला लागले. कॉम्प्युटरवाली पोरं झोपायच्या आधी दिवा बंद करायची आणि दुपारी डबेवाल्या बाई डबा द्यायच्या निमित्तानं दार वाजवून त्यांची थोबाडं बघून घ्यायच्या. आजोबांनी आजींच्या हातात बटण दिलंच नाही. आणि मी रोज उठले की आधी समोर बघायचे. आक्कांचा दिवा माझ्या आधी बंद झालेला असायचा, पण बघायचे. मंगळवार पेठेत आठ माणसांत राहून मला कधी एवढं भरल्यासारखं वाटलं नव्हतं.

मे महिन्यात एका शनिवारी मुलगा आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, सभ्य माणूस. गाडीतून त्यानं मोठी चाकांची बॅग उतरवली, रिकामी. मी लगेच जाऊन आमच्या रांगेची बाजू मांडली. किल्ल्या दाखवल्या, सगळ्यांचे फोन नंबर दिले, दिवे मोजून दाखवले. माझा आवाज चढत गेला तशी सगळी गल्ली ओट्यावर येऊन ऐकायला लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही करताय ते मोठं आहे. पण तुम्ही भाड्यानं राहता. उद्या तुम्ही घर सोडलंत तर आईकडं कोण बघणार?"

उद्या सकाळी नाश्ता करून निघतो, तो म्हणाला. आक्कांनी काही वाद घातला नाही. त्या आत जाऊन कपाटातल्या साड्या बॅगेत ठेवायला लागल्या, एकेक घडी हातानं दाबून. मला ते बघवेना. घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण खेकसले आणि जाहीर केलं की उद्या सकाळी लवकर आवरून मी त्या माणसाशी शेवटचं भांडणार आहे, मग काय व्हायचं ते होऊ दे. हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की गल्लीला वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

रविवार असूनही नवऱ्याला कारखान्यात जादा पाळीला बोलावलं होतं, तो अंधारातच गेला. मी झुंजूमुंजू असतानाच आंघोळीला शिरले. म्हटलं, आवरून बाहेर येईपर्यंत उजाडेल, मग दिवा बंद करून थेट समोर. आंघोळ झाली, गाऊन घातला, कडी ओढली. कडी सरकेना. परत ओढली. अंगठ्याएवढी ती कडी ओलीनं की कशानं अशी घट्ट बसली होती की हलायचं नाव नाही. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि कडीची मूठ निघून माझ्या हातात आली.

फोन पलंगावर. लाल बटण दाबलं, ते मेलेलं ते मेलेलंच. मग मी ओरडले. साधी नाही, मैदानावरची आरोळी ठोकली. वरच्या झरोक्यातून मला वडगावकरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, ते बायकोला म्हणत होते, "बाई तापल्यात बघ. त्या पावण्याला धरलंय वाटतं. आपण मधी पडायचं न्हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. परत ओरडले, तर त्यांनी खिडकी लावून घेतली. तांब्या घेऊन स्टीलच्या दांड्यावर बडवला. कुणी येईना. आता मला भीती वाटायला लागली, खोटं कशाला सांगू. झरोक्यातून ऊन आत आलं, भिंतीवर चढायला लागलं. बाथरूम छोटी, गरम, श्वास कोंडल्यासारखा व्हायला लागला. नवरा दुपारी येणार. मी दांडा घट्ट धरून खाली बसले. साहेबांनीही असाच धरला असेल, असं मनात आलं.

मग आठवलं, ओट्यावरचा दिवा! तो तसाच जळत असणार. पण त्या दिवशी आक्का कशाला माझ्या दिव्याकडं बघतील? त्यांची बॅग भरलेली, गाडी दारात, मुलगा घाई करतोय. मला रडू फुटलं.

तेवढ्यात बाहेर किल्ली फिरली. फरशीवर कॅनव्हासचे बूट वाजले. आक्कांची हाक आली, कुठं हाईस ग? बाथरूममध्ये, म्हणून मी ओरडले. दाराच्या पलीकडून त्यांचा आवाज अगदी थंड होता. उभी राहू नको, दांडा धरून बस, तोंडावर पाणी मार, दीर्घ श्वास घे. डोंगरात किती बायकांना त्यांनी अशा आवाजात धीर दिला असेल! मुलगा त्यांच्या मागोमाग आला होता. त्यानं दार ओढून बघितलं, हत्तीलाही न उघडणारं दार ते. मग त्याला दिसलं की दार बाहेर उघडणारं आहे, म्हणजे बिजागऱ्या त्याच्या बाजूला आहेत. नवऱ्याची हत्यारांची पेटी शोधून त्यानं एकेक स्क्रू काढला आणि दारच्या दार बाजूला उभं केलं.

आक्कांनी मला पलंगावर बसवलं, मनगट धरून नाडी बघितली, आणि पदरानं माझं तोंड पुसलं. गल्ली दारात जमली होती. वडगावकर मान खाली घालून उभे. मुलगाच मग सांगायला लागला. आम्ही चहा पीत होतो. आई सारखी खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, समोरचा दिवा अजून जळतोय. मी म्हटलं, रविवार आहे, झोपले असतील, आपल्याला उशीर होतोय. पण मी म्हणेपर्यंत तिनं बूट घालून खिळ्यावरची किल्ली काढलेली होती.

"मला पळावं लागलं तिच्या मागं," तो म्हणाला, आणि आईकडं असं बघितलं, जसा काही तो तिला बऱ्याच दिवसांनी बघत होता.

आक्का उठून आपल्या घरी गेल्या. गल्ली पांगली. मुलगा मात्र थांबला. दार त्यानं परत बसवलं, मग खाली बसून माझी ती जाड कडी स्क्रू काढून सोडवायला लागला. मी शेवटचं भांडण करायचं ठरवलं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. मी फक्त विचारलं, नेता का आक्कांना?

त्यानं शेवटचा स्क्रू काढला, कडी माझ्या हातात दिली.

"नेलं तर तुम्हाला बाहेर कोण काढणार, ताई?"

मी काही बोलायच्या आत समोरून आक्कांची हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. ऊन डोक्यावर आलं, दिवा बंद कर आधी. मी तशीच ओल्या केसांनी ओट्यावर धावले आणि बटण दाबलं. आक्का आपल्या दारात उभ्या होत्या. माझा दिवा बंद झालेला त्यांनी डोळ्यांनी बघितला, आणि मगच आत जाऊन बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावायला घेतल्या.